नुसती ओ

"हिरवं आहे की नाही, तेवढं सांगा," साहेब म्हणाले.

"हिरवं आहे, साहेब."

"मग पाणी गेलं कुठे?"

पाणीखात्याच्या कंट्रोल रूममध्ये सगळ्यांच्या माना वर झाल्या. समोरच्या भिंतीवर मोठा पडदा होता. शहरातली पंपघरं, टाक्या आणि त्यांना कार्यालयाशी जोडणारी नेटवर्कची यंत्रं, सगळा पसारा त्यावर मांडलेला. प्रत्येक यंत्राचा एक चौकोन आणि एकूण एक चौकोन हिरवागार. त्या हिरवळीखाली टेबलावरचे फोन मात्र आळीपाळीने कोकलत होते. टेकडीवरच्या वस्तीत परवापासून पाण्याचा थेंब नव्हता.

पंपांच्या पाळीवरच्या मावशी फोनवर समजावत होत्या. "हो हो, कळतंय मला. पण इथे टाकी भरलेली दिसतेय... अहो, मी कशाला खोटं बोलू? आणि माझ्या आईला कशाला मध्ये आणताय?" फोन आपटून त्या वळल्या. "नकाशेबुवा, तुमचा पडदा म्हणतो टाकी ठणठणीत. लोक म्हणतात ठणठणाट. शब्द जवळपास तोच, पण तेवढ्यासाठी सकाळपासून माझं माहेर उद्धरलं जातंय."

एरवी बुवा हसले असते. खात्याचं नेटवर्क हाताने कागदावर काढणारा पहिला माणूस म्हणून 'नकाशे', आणि काम करताना ओठांतल्या ओठांत भजन चालू असतं म्हणून 'बुवा'. खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते कोणाला आठवायचं. पण आज त्यांचे ओठ मिटलेले होते. टेकडीवर आक्का राहत होती, त्यांची थोरली बहीण. आई-वडील लवकर गेले, तेव्हा शिवणाच्या मशीनवर पाय मारून मारून तिने या भावाला वाढवलं होतं, शिकवलं होतं. आणि आजच सकाळी तिच्याशी फोनवर बोलणं झालं होतं.

"बरी आहेस ना?"

"बरी आहे."

"पाणीबिणी येतंय ना?"

"येतंय की."

पडदाही हिरवा आणि आक्काही हिरवी. मग पाणी गेलं कुठे?

बुवांनी टेकडीच्या टाकीचा चौकोन उघडून पाहिला. चौकोनाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'फक्त पिंग'. ते त्यांनीच लिहिलेलं होतं.

ही 'फक्त पिंग'ची भानगड जरा सांगायला हवी. नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा पहिल्या दिवशी ते सगळ्या नेटवर्कमधून फिरून आलं. वाटेत जे यंत्र भेटेल त्याला त्याने हाक मारली. नव्या यंत्रांनी ओ दिली आणि न विचारता आपली कुळकथाही सांगितली. मी अमुक घराण्यातला, मला इतकी दारं, त्यातली ही चालू, ही बंद, पोटात उष्णता एवढी. जुन्या डब्यांना ही भाषाच येत नव्हती. ते हाकेला ओ देत आणि गप्प बसत. सॉफ्टवेअरने अशांना नकाशावर एकेक करडा चौकोन दिला, त्यात प्रश्नचिन्ह घातलं आणि खाली लिहिलं, 'अनोळखी'.

या अनोळखी मंडळींची ओळख करून देण्याचं काम बुवांचं. मॅपिंग म्हणत त्याला. डब्यापाशी जायचं, पाठीवरची पट्टी पुसून त्याची जात वाचायची, त्याच्याशी कुठल्या बोलीत बोललं की तो काय सांगतो ते धुंडाळायचं आणि मग सॉफ्टवेअरला शिकवायचं: बाबा रे, याला असं विचार, म्हणजे हा तसं सांगेल. एकेका डब्यापायी दिवसच्या दिवस मोडायचा. बुवांना त्याचा कंटाळा नव्हता. हातात फडकं घेऊन ते एकेका म्हाताऱ्या डब्यापुढे मांडी घालून बसत.

पण मोठे साहेब पडदा बघायला यायचे ठरले आणि काही डबे राहून गेले होते. "करडं काही दिसायला नको बरं का," आपले साहेब म्हणाले होते. "लग्नाच्या फोटोत कोणी डोळे मिटलेलं असलं की कसं दिसतं, तसं दिसतं ते." यंत्रांच्या प्रकारांच्या अगदी तळाशी एक प्रकार होता, 'फक्त पिंग'. म्हणजे याला दुसरं काही विचारूच नकोस. हाक मार, ओ आली की हिरवा. बुवांनी उरलेले सगळे डबे एका बैठकीत तसे करून टाकले. नंतर जाऊन नीट करू, म्हणाले. 'नंतर' हा शब्द मोठा मायाळू. तो कोणाला नाही म्हणत नाही.

"साहेब, मी टेकडीवर जाऊन येतो," बुवा म्हणाले.

"अहो, पण हिरवं आहे ना?"

"म्हणूनच जातो."

*

जीप चढाला लागली. ड्रायव्हरला सगळे उस्ताद म्हणत. गाडी आणि जीभ या दोन्हींना ब्रेक नाही, अशी त्याची ख्याती होती.

"बुवा, तुमच्या आक्का इथेच ना? बऱ्याच दिवसांनी येताय."

"फोन असतो रे रोज."

"फोन काय, माझा मेव्हणापण करतो. उसने मागायला."

बुवा खिडकीबाहेर बघायला लागले. रोजचा फोन ही त्यांची पूजा होती. सकाळी कार्यालयात आलं की ते कॉम्प्युटर चालू करत आणि तो जागा होईपर्यंत आक्काला फोन लावत. एका दिवसाचा खंड नाही. लोकांना ते अभिमानाने सांगतही. "बरी आहेस ना?" "बरी आहे." "जेवतेस ना वेळेवर?" "जेवते." "ठेवू?" "ठेव, देव बरं करो." ध्रुवपद झालं होतं ते. पण नुसतंच ध्रुवपद. अंतरा कधी आलाच नाही.

टाकीच्या पायथ्याशी लोखंडी पेटी होती. गंजलेली कडी उघडायला दोघांना जोर लावावा लागला. बुवांच्या शर्टावर छातीपासून पोटापर्यंत गंजाचा तांबडा पट्टा उमटला. आत डबा बसला होता. धुळीने माखलेला, पण दिवा इमानेइतबारे लुकलुकत होता. दर क्षणाला कार्यालयातून हाक येत होती आणि दर हाकेला तो ओ देत होता. टाकीतल्या पाण्याचं माप आणणारी वायर मात्र उंदरांनी कुरतडून तिचे धागे धागे केले होते. माप मेलं तेव्हा टाकी भरलेली होती. तोच शेवटचा आकडा पंपाच्या पाटीवर अडकून पडला होता आणि तो जुना आहे का, हे 'फक्त पिंग'ला विचारताच येत नव्हतं; म्हणून खाली सगळे स्वस्थ बसले होते.

बुवांनी फोन लावला. "मावशी, टेकडीचा पंप सुरू करा. टाकी कोरडी आहे. ते माप खोटं आहे."

"बघा! आणि शिव्या मी खाल्ल्या. आता तुमच्या नावाने परत करू का त्या?"

"करा," बुवा म्हणाले. त्यांच्या आवाजाने मावशी पुढचा विनोद विसरल्या.

"पण हा डबा तर चालू आहे की," उस्ताद आत डोकावून म्हणाला. "मग बोंबलला का नाही बेटा?"

"त्याला विचारलंच नव्हतं, उस्ताद. हाक मारली, त्याने ओ दिली. आपण खूश."

नवी वायर जोडून होईपर्यंत खाली पंपाची धडधड सुरू झाली होती. टाकी भरायला वेळ होता. बुवांनी हात पुसले. "मी आक्काकडे जाऊन येतो. तू बस."

*

गल्लीत टँकरपुढे रांग होती. आक्काच्या शेजारणीने त्यांना ओळखलं. "तुम्ही आक्कांचे भाऊ ना? पाणीखात्यातले?" आणि उत्तराची वाट न बघता ती रांगेला उद्देशून म्हणाली, "बघा बायांनो, तळ्याच्या मालकाची बहीण, आणि बादली आम्ही भरून देतोय." रांग हसली. बुवा मान खाली घालून पुढे गेले.

दार उघडंच होतं. आक्का खिडकीपाशी बसली होती. शिवणाचं मशीन कोपऱ्यात, वर चादर घातलेली. मागच्या खेपेलाही ती चादर होती. "आता कोण शिवून घेतंय? सगळं तयार मिळतं," असं ती म्हणाली होती आणि बुवांना ते पटलंही होतं. आता तिने मान वळवून सरळ त्यांच्याकडे पाहिलं. बुवा उंबऱ्यात हसत उभे राहिले. ती 'अगं बाई, तू!' म्हणून उठेल, तो क्षण त्यांना हवा होता.

"कोण आहे?" आक्का म्हणाली.

"मी गं."

"अगं बाई, तू! असा उजेड मागे घेऊन उभा राहिलास, कळणार कसं? ये, बैस. पाणी देते."

"राहू दे. पाण्याचे हाल आहेत, माहितीये मला."

"पिण्यापुरतं आहे. पाणीखात्याचा माणूस पाणी नको म्हणतोय, कलियुग रे बाबा." ती हसत उठली. दाराच्या चौकटीला हात लावून आत गेली, फळीवरचा पेला काढला. डाव्या हाताचं पहिलं बोट तिने पेल्याच्या काठावरून आत वाकवलं आणि उजव्या हाताने तांब्या तिरका केला. पाणी चढत चढत बोटाला लागलं. तिने तांब्या सरळ केला.

बुवा बघत राहिले. लहानपणी पेल्यात बोट बुडवलं म्हणून हीच आक्का त्यांच्या हातावर चापट मारायची. पाहुण्यासमोर पेला तळाशी धरायचा, काठाला हात लावायचा नाही, हे तिचं शास्त्र.

"आक्का, पेल्यात बोट?"

तिचा हात जरा थांबला. "धुतलेलं आहे."

"ते नाही विचारलं मी."

"मग नीट विचार."

बुवा तिच्या अगदी समोर येऊन उभे राहिले. "सांग बघू, मी काय घातलंय?"

"शर्ट घातला असशील. उघडा कशाला येशील एवढ्या लांब?" ती पुन्हा हसली.

"शर्टावर काय आहे?"

आक्का हसायची थांबली. शिवणाच्या मशीनवरून नजर न उचलता, भावाच्या सदऱ्यावरचा शाईचा ठिपका दारातच ओळखणारी बाई ती. गंजाचा तो हातभर पट्टा तिच्यासमोर होता आणि ती त्याच्या जरा डावीकडे बघत होती.

"केव्हापासून?" बुवांनी विचारलं.

"कडेकडेने गेलं रे. आधी कळलंच नाही मला. दाराच्या चौकटी अंगावर यायला लागल्या. नंतर सुईत दोरा जाईना. आता मधलं थोडं उरलंय, तेही धुरकट. नळीतून बघावं, तसं."

चौकटी. बुवांना आठवलं. मागे तिच्या कपाळावर काळंनिळं टेंगूळ पाहून त्यांनी विचारलं होतं, "दाराशी भांडलीस का काय?" आणि दोघं पोट धरून हसली होती. एकदा फोनवर ती म्हणाली होती, "भजनाचं पुस्तक लागत नाही आता, सगळं पाठच झालंय." किती आनंद झाला होता त्यांना. बहिणीची भक्ती वाढली, असं त्यांनी घरी येऊन बायकोला सांगितलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?" त्यांचा आवाज चढला. "रोज फोन करतो मी! रोज! एक दिवस चुकवला नाही!"

"करतोस की. देव साक्षी आहे, करतोस."

"मग?"

"तू 'बरी आहेस ना' म्हणतोस," आक्का शांतपणे म्हणाली. "'ना' लावून विचारलं की माणसाला 'हो'च म्हणावं लागतं रे. 'जेवतेस ना?' जेवते. 'पाणी येतंय ना?' येतंय. उत्तर तू तुझ्याबरोबरच घेऊन येतोस. मी आपली ओ देते."

"पण तू 'नाही' म्हणू शकली असतीस..."

"म्हणणार होते एकदा. एवढ्यात तुझं यंत्र वाजलं, टुंग. ते वाजलं की तू 'ठेवू?' म्हणतोस. म्हटलं, पोराचं काम खोळंबायचं." तिने पेला पुढे केला. भावापासून वीतभर बाजूला. बुवांनी हात लांब करून तो घेतला.

ते पाणी बुवा प्यायले. कसं प्यायले, त्यांचं त्यांना माहीत.

बुवांनी रिकामा पेला फळीवर नेऊन ठेवला. मग आक्काने एकदम मान उचलली. "आलं!"

बुवांना काही ऐकू आलं नव्हतं. क्षणभराने मोरीतला नळ खोकला, फुसफुसला, त्याने लालसर पाण्याची एक पिचकारी टाकली आणि धार धरली. गल्लीतून ओरडा उठला. आक्का भिंतीच्या आधाराने गेली आणि नळाखाली तळहात धरून उभी राहिली. "चांगलं काम करतोस हो," ती म्हणाली. बुवांना वाटलं, यापेक्षा तिने ती जुनी चापट मारली असती तर बरं झालं असतं.

*

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. काचबिंदू, त्या म्हणाल्या. हा गुपचूप येतो. दुखत नाही, खुपत नाही. गेलं ते परत येत नाही. थेंब घालून उरलेलं सांभाळायचं. "जरा आधी आणलं असतंत तर..." असं म्हणून त्या बुवांच्या चेहऱ्याकडे पाहून थांबल्या. "थेंब वेळेवर घालतात ना त्या, तेवढं बघा," त्या पुढे म्हणाल्या. त्या 'ना'वर आक्काला हसू फुटलं. बुवांना ते जमलं नाही.

आक्काला घरी आणायचं त्यांनी फार मनावर घेतलं. ती ऐकेना. "माझ्या घरातल्या चौकटी मला पाठ आहेत. तुझ्या घरात नव्याने टेंगळं आणू?"

दुसऱ्या दिवशी बुवांनी कार्यालयात काय केलं, ते साहेबांना पडद्यावर दिसलं. हिरव्या नकाशावर मधेच करडे डाग पडायला लागले. एक, आणखी एक, मग बरेच. ज्या डब्यांना 'फक्त पिंग' केलं होतं, त्यांना बुवा एकेक करून पुन्हा प्रश्नचिन्ह देत होते.

"अहो, हे काय चालवलंय?" साहेब धावत आले. "चांगला हिरवा होता!"

"नव्हता, साहेब. नुसती ओ देत होता."

"मोठ्या साहेबांनी विचारलं तर मी काय सांगू?"

"माझं नाव सांगा. म्हणावं, याने न बघताच ओळख दिली होती."

साहेब बराच वेळ उभे होते. काहीतरी तोडून बोलावं, अशी त्यांची इच्छा असावी. पण बुवांचे ओठ पुन्हा हलत होते आणि त्यातून भजनाऐवजी एकेका डब्याचं नाव येत होतं, हे बघून ते गेले. मावशींनी न विचारता चहाचा कप आणून बुवांच्या कोपराशी ठेवला. तो निवून गेला.

पुढे बुवा रोज एका डब्याकडे जायला लागले. फडकं घेऊन, मांडी घालून. ज्याची ओळख पटेल त्याला रंग, बाकीच्यांचं प्रश्नचिन्ह कायम. टेकडीचा डबा सगळ्यांत आधी झाला. आता त्याचं माप अडकलं तर सगळी खोली दणाणेल. ते काम बुवांना येत होतं. त्याला वेळ दिला की ते पुरं होत होतं. सगळ्या कामांचं तसं नसतं. हाक मारली की देव ओ देतो, असं कीर्तनात सांगतात आणि ते खरंच आहे. पण ओ आल्यावर घटकाभर तिथे थांबावं लागतं, हे मात्र ज्याचं त्याला उमगावं लागतं. काहींना ते उशिरा उमगतं.

आज सकाळी बुवा नेहमीच्या वेळी आले. खुर्ची ओढून बसले. समोरचा कॉम्प्युटर काळाच होता. त्यांनी फोन लावला.

"ओ," आक्का म्हणाली.

सवयीने 'बरी आहेस' त्यांच्या जिभेवर येऊन बसलं होतं. त्यामागचा 'ना' त्यांनी गिळला. मग पुढचं काही सुचेना. इतक्या वर्षांत बहिणीला काय विचारायचं ते त्यांनी जमवूनच ठेवलं नव्हतं.

"आक्का..."

"अरे, बोल ना." ती वाट बघत राहिली. मग म्हणाली, "टुंग वाजलं नाही आज. यंत्र बिघडलंय का तुझं?"

"नाही. लावलंच नाही अजून."

"थांब मग," आक्का म्हणाली. "बसून बोलते."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पेला ठेवल्याचा आला. मग पाणी पडायला लागलं. त्याचा सूर हळूहळू चढत गेला आणि काठाच्या जरा अलीकडे, जिथे बोट असेल तिथे, थांबला.